गोठलेला पाइप फुटतो कुठे?

आधी एक कोडे. कडाक्याच्या थंडीची रात्र आहे. एका घराच्या बाहेरील भिंतीतून पाण्याचा पाइप आत येतो आणि घराच्या उबेतून स्वयंपाकघरातील नळापर्यंत जातो. नळ घट्ट बंद आहे. मध्यरात्रीनंतर भिंतीतील हातभर लांबीच्या पाइपात बर्फ झाला. पुढच्या भागातील पाणी मात्र पाणीच राहिले. पहाटे पाइप फुटला. सांगा पाहू, तो कुठे फुटला असेल?

‘जिथे बर्फ झाला तिथे,’ असे उत्तर बहुतेक जण देतील. पाणी गोठले की त्याचे आकारमान वाढते, हे आपण शाळेत शिकतो. तेव्हा बर्फाने पाइप आतून रेटला आणि तो चिरला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पुष्कळदा चीर सापडते ती बर्फापासून दूर, जिथे पाणी गोठलेलेच नव्हते अशा जागी! असे का व्हावे? याचे उत्तर मिळाले, की थंड प्रदेशांत पाइप वाचवण्यासाठी जे उपाय करतात त्यांतील प्रत्येकामागचे कारण उलगडते.

उष्ण प्रदेशावर आलेले संकट

अमेरिकेच्या दक्षिणेला टेक्सस नावाचे मोठे राज्य आहे. तिथला उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देईल इतका कडक असतो. हिवाळा एरवी सौम्य. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तरेकडील अतिथंड हवेचा लोंढा थेट या राज्यावर येऊन आदळला. १६ फेब्रुवारीला डॅलस शहरात पारा −१९ अंश सें. पर्यंत उतरला. घरे उबदार ठेवण्यासाठी विजेची मागणी एकदम वाढली, आणि नेमक्या त्याच वेळी थंडीमुळे अनेक वीजकेंद्रे व त्यांना लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा पुरवठा अडखळला. ४५ लाखांहून अधिक घरे व दुकाने विजेविना राहिली.

वीज गेली, ऊब गेली आणि मग पाइप गोठू लागले. ठिकठिकाणी ते फुटले आणि छतांतून, भिंतींतून पाण्याच्या धारा लागल्या. फुटलेल्या पाइपांतून इतके पाणी वाहून गेले, की शहरांच्या जलवाहिन्यांतील दाबच घसरला. एक कोटीहून अधिक लोकांना ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना द्यावी लागली. या आपत्तीत २४६ मृत्यू झाल्याची नोंद राज्याच्या आरोग्य खात्याने केली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू शरीर गारठल्यामुळे झाले होते.

आता गंमत अशी, की −१९ अंश हे तापमान कॅनडातील विनिपेग शहराला काहीच विशेष नाही. तिथे जानेवारीत अशा कित्येक रात्री येतात आणि लोकांचे नळ सुरळीत चालू राहतात. म्हणजे केवळ थंडीला दोष देऊन भागणार नाही. पाइपात नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे.

बर्फाला जागा हवी

बहुतेक द्रव गोठताना आकसतात. पाणी मात्र वेगळे वागते. थंड होत असताना ते ४ अंश सें. पर्यंत आकसते, तिथून पुढे किंचित प्रसरण पावू लागते, आणि शून्य अंशाला त्याचा बर्फ होतो तेव्हा आकारमानात मोठी उडी येते. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात आणि या जाळीत बरीच मोकळी जागा राहते. त्यामुळे १०० घन सें.मी. पाण्याचा सुमारे १०९ घन सें.मी. बर्फ होतो. बर्फ पाण्यावर तरंगतो तो याच कारणाने.

ही वाढ अडवली तर? १७८४ व १७८५ साली मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने कॅनडातील क्वेबेक येथे हे करून पाहिले. त्याने तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरले, तोंडाला लोखंडी बूच ठोकून बसवले आणि ते उघड्यावर थंडीत ठेवले. पाणी गोठू लागले तशी काही गोळ्यांची बुचे उडून दूर जाऊन पडली. जिथे बूच निघेना तिथे गोळाच तडकला.

पूर्ण कोंडलेले पाणी −५ अंशाला गोठू पाहत असेल, तर त्याचा दाब सुमारे ६०० वातावरणांपर्यंत चढू शकतो. घरच्या नळातील पाण्याचा दाब साधारण तीन-चार वातावरणे असतो, हे लक्षात घ्या. ज्या पाइपाला चार वातावरणे पेलायची आहेत तो सहाशेंपुढे कसा टिकणार?

पण ‘पूर्ण कोंडलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाइप म्हणजे काही बूच मारलेला गोळा नव्हे. तो लांब असतो, आणि त्याचे एक टोक तरी मोकळ्या जलवाहिनीला जोडलेले असते. मग पाणी कोंडते कसे?

पाइप तुंबतो कसा

पाइपाभोवतीची हवा शून्याखाली गेली म्हणजे पाणी लगेच गोठते असे नाही. बर्फाचा पहिला स्फटिक जन्माला यावा लागतो. तो आला नाही, तर पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहते. अशा पाण्याला ‘अतिशीत पाणी’ म्हणतात. स्तब्ध पाइपातील पाणी उणे तीन-चार अंशांपर्यंत किंवा त्याखालीही असे द्रव राहू शकते. मग एखाद्या क्षणी पहिला स्फटिक तयार होतो, आणि क्षणार्धात पिसासारख्या पातळ बर्फाच्या फांद्या पाण्यातून पसरत जातात.

त्या क्षणी किती बर्फ होतो? हे गणित तुम्ही करू शकता. १ ग्रॅम पाणी −४ अंशांवरून शून्यावर यायला ४ कॅलरी उष्णता लागते. १ ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. तेव्हा ४ भागिले ८०, म्हणजे पाण्याचा विसावा भाग गोठला, की बाहेर पडलेल्या उष्णतेने उरलेले पाणी पुन्हा शून्य अंशावर येते. फक्त पाच टक्के बर्फ! पण कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे आर. आर. गिल्पिन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की एवढ्याशा बर्फाचे पिसारेही पाइपातील प्रवाह अडवू शकतात. पाइप काठोकाठ गोठण्याच्या कितीतरी आधी त्यात गुठळी बसते. पुढे थंडी वाढत गेली, की ही गुठळी घट्ट होते आणि पाइपाच्या भिंतीला चिकटून बसते.

कोंडलेल्या पाण्याचे बळ

आता आपल्या कोड्याकडे वळू. पाइपात मध्ये बर्फाची गुठळी आहे. तिच्या एका बाजूला रस्त्यावरील जलवाहिनी, दुसऱ्या बाजूला बंद नळ. गुठळी वाढू लागली, की तिला जास्त जागा हवी असते. जलवाहिनीच्या बाजूला अडचण नाही. तिकडचे पाणी मागे सरकते. नळाच्या बाजूचे पाणी मात्र कात्रीत सापडते. मागे बर्फ, पुढे बंद नळ. त्याला जायला वाटच नाही.

समजा, गुठळी आणि नळ यांच्यामध्ये २ मीटर, म्हणजे २०० सें.मी. लांबीचा पाण्याचा स्तंभ आहे. गुठळीच्या टोकाशी आणखी १० सें.मी. लांबीचे पाणी गोठले. त्याचा १०.९ सें.मी. बर्फ झाला, म्हणजे त्याने पुढचे पाणी ०.९ सें.मी. रेटले. २०० सें.मी. पाण्याला ०.९ सें.मी. आकसावे लागले. हे प्रमाण ०.४५ टक्के होते.

तेवढे तर आकसायचे, असे तुम्हाला वाटेल. पण पाणी दाबले जाण्यास फार नाखूश असते. त्याचे आकारमान अर्ध्या टक्क्याने कमी करायचे, तर सुमारे १०० वातावरणांचा दाब द्यावा लागतो. तेव्हा ०.४५ टक्क्यासाठी सुमारे ९० वातावरणे झाली. पाइप स्वतः थोडा फुगतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. तरीही वीतभर लांबीपेक्षा कमी पाणी गोठले आणि दाब नेहमीच्या वीसपट झाला! आणखी वीतभर पाणी गोठू द्या, की जिथे जोड कच्चा असेल, वळण असेल, पाइप पातळ झाला असेल, तिथे तो दगा देतो. ती जागा गुठळीपासून दोन मीटर दूर, उबदार स्वयंपाकघरातही असू शकते.

आणि गुठळीच्या जागी पाइप सहसा का फुटत नाही? कारण तिथे बर्फ पाइपाच्या भिंतीपासून मध्याकडे वाढतो आणि मधले पाणी पाइपाच्या लांबीने पुढेमागे सरकू शकते. पाइपाचे खरे नुकसान करते ते त्या बर्फाने कोंडलेले पाणी.

म्हणून पाइप वाचवण्याचे उपाय दोन प्रकारचे: पाणी गोठू न देणे, आणि गोठलेच तर ते कोंडू न देणे.

नळ ठिबकत का ठेवतात

कडक थंडीच्या रात्री बाहेरील भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवण्याची रीत थंड देशांत जुनी आहे. ‘वाहते पाणी गोठत नाही’ असे तिचे कारण सांगतात. ते पूर्ण खरे नाही. हिमालयातले ओढेसुद्धा गोठतात. जमिनीतून येणारे पाणी थोडे उबदार असते आणि आपल्याबरोबर उष्णता आणते, हा फायदा आहेच. पण थेंबथेंब पाण्यातून मिळणारी उष्णता थोडी असते. मुख्य फायदा दुसराच आहे. नळ उघडा असल्याने गुठळी झाली तरी तिच्या पुढचे पाणी कोंडत नाही. जे ०.९ सें.मी. पाणी रेटले जाणार, ते नळातून मुकाट्याने बाहेर पडते आणि दाब चढत नाही.

मात्र हा उपाय एका घरासाठी चांगला असला, तरी सगळ्या शहराने एकाच वेळी केला तर काय होईल? २०२१ मध्ये टेक्ससमध्ये तेच दिसले. लाखो नळ चालू, त्यात फुटलेले पाइप. जलवाहिन्यांचा दाब कोसळला, आणि ह्यूस्टनसारख्या शहराला ‘नळ चालू ठेवू नका’ असे नागरिकांना सांगावे लागले. मग उरतो दुसरा मार्ग: मुख्य झडप बंद करून घरातील सगळे नळ उघडायचे आणि पाइप रिकामे करायचे. रिकाम्या पाइपात गोठायला काही नाही आणि कोंडायलाही काही नाही. थंडीत घर बंद ठेवून गावाला जायचे असेल, तर यासारखा खात्रीचा उपाय नाही.

गोधडी ऊब निर्माण करत नाही

पाइपांना फोम, लोकर, गोणपाट असे काही गुंडाळले, की ते गोठत नाहीत असे अनेकांना वाटते. पण तुमची गोधडी तुम्हाला ऊब देते ती तुमच्याच शरीराची. दगडाला गोधडी पांघरली म्हणून तो गरम होत नाही. पाइपाचेही तसेच आहे. वेष्टनामुळे उष्णता बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. रात्र बारा तासांची असेल आणि दिवसा ऊन पडत असेल, तर हा उशीर पुरेसा ठरतो. थंडी चार दिवस हटलीच नाही, तर गुंडाळलेला पाइपही शेवटी गोठतो.

म्हणून पाइप घराच्या उबेत असणे हे गुंडाळण्यापेक्षा महत्त्वाचे. टेक्ससमधील अनेक घरांत पाइप छपराखालच्या पोकळीतून किंवा बाहेरील भिंतींतून नेलेले असतात. तिथे घराची ऊब पोचत नाही. उत्तरेकडील राज्यांत ते तळघरातून आणि आतल्या भिंतींतून नेतात. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात याचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की उष्णतारोधन नसलेल्या छपराखालील पाइप बाहेरचे तापमान −७ अंश सें. च्या आसपास उतरले म्हणजे गोठू लागतात. वायर किंवा पाइप आत घेण्यासाठी पाडलेल्या भोकातून गार वारा येत असेल, तर धोका वाढतो. तेव्हा अशी भोके बुजवणे, आणि भिंतीलगतच्या कपाटांची दारे उघडी ठेवून खोलीची ऊब आत जाऊ देणे, हे उपाय साधे पण उपयोगी आहेत.

जमिनीची ऊब

रस्त्याखालच्या जलवाहिन्यांना कोण पांघरूण घालणार? त्यांचे पांघरूण म्हणजे माती. दिवस-रात्रीचा तापमानातील चढउतार मातीत हातभर खोलीपर्यंतही नीट पोचत नाही. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार मात्र काही मीटर खोल जातो आणि तोही उशिराने. म्हणून थंड प्रदेशांत जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते, त्याखाली पाइप पुरतात. विनिपेगमध्ये जलवाहिन्या सुमारे अडीच मीटर खोल असतात. २०१४ सालच्या हिवाळ्यात गोठण तिथवरही पोचले, आणि हजाराहून अधिक घरांचे पाणी बंद पडले. विशेष असे, की हवा ऊबदार होऊ लागल्यावरही काही घरांना पाणी मिळेना. वर वसंत आला होता, पण खाली हिवाळा अजून उतरतच होता!

आपल्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथले पाइप का फुटत नाहीत, तेही आता सांगता येईल. गवताचे पाते मोकळ्या आकाशाकडे आपली उष्णता टाकते आणि चटकन थंड होते. पाइपातील पाणी जास्त, जमीन उबदार, आणि थंडी पहाटेच्या काही तासांपुरतीच.

काश्मीरची गोष्ट निराळी. तिथे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला ‘चिल्लई कलान’ असे नावच आहे. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरला −८.४ अंश सें. तापमान नोंदले गेले. अशा सकाळी नळाला पाणी येत नाही, आणि उघड्यावरील पाइप वितळवण्यासाठी कागद किंवा गवत पेटवलेले दिसते.

गोठलेला पाइप कसा सोडवावा

ही आग टाळलेलीच बरी. लाकडाच्या घरात तिने आग लागू शकते, प्लॅस्टिकचा पाइप वितळतो आणि धातूच्या पाइपाचे जोड सुटतात. योग्य पद्धत अशी: प्रथम नळ उघडा. मग नळाच्या बाजूने सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे सरकत जा. गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळा, किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा द्या; मात्र पाणी सांडलेले असेल तिथे विजेचे यंत्र वापरू नका. नळाच्या बाजूने सुरुवात का? वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी म्हणून. आणि घराची मुख्य झडप कुठे आहे ते आधी माहीत करून घ्या. पाइप रात्री चिरतो, पण गळती कळते ती बर्फाची गुठळी वितळल्यावर. तोवर ती गुठळीच बुचाचे काम करत असते!

करून पाहा

सुई नसलेली एक नवी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. ती अर्धी हवेने भरा, तोंड बोटाने दाबून धरा आणि दट्ट्या रेटा. हवा सहज आकसते. आता बुडबुडा राहू न देता ती पाण्याने भरा आणि तसेच करा. दट्ट्या जवळजवळ हलत नाही. कोंडलेले पाणी किती हट्टी असते, हे तुमच्या बोटांना कळेल.

आता मोठ्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर पाणी घ्या, तोंड घट्ट बंद करा आणि ती रात्रभर शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दट्ट्या मोकळा राहू द्या. सकाळी तो कोणत्या रेघेवर आहे, ते पाहून वहीत लिहा. काचेची बाटली या कामी कधीही वापरू नका, ती फुटेल.

आणि शेवटी एक प्रश्न. थंडीच्या रात्री तुम्ही नळ ठिबकत ठेवला आहे. मध्यरात्री ठिबकणे थांबले. घरातील कोणी म्हणाले, “आता पाणी येतच नाही, नळ बंद करून टाक.” तुम्ही काय कराल, आणि का?